ताटं घे

४ फेब्रुवारी

वरचा मायना रिकामा सोडला आहे. आधी 'तीर्थरूप दादास' लिहिलं, मग खोडलं. दुसरं काही लिहायला हात धजेना. तुला जे हवं ते तू भरून घे.

मी तुझी धाकटी. आई बरी आहे. मीही बरी आहे. खिळ्यांच्या कारखान्यातलं आईचं टेबल आता माझं आहे. तेच, खिळे घोळवणाऱ्या पिंपांना लागून असलेलं. आई घरी असते आणि मी तिथे खिळे मोजून खोक्यात भरते. एवढी खुशाली पुरे, कारण मी खुशाली कळवायला लिहीत नाहीये. मी भांडायला लिहीत्ये.

काल दुपारच्या सुट्टीत आरोग्याच्या कुठल्याशा संस्थेतली एक मुलगी आली. आल्या आल्या म्हणाली, "मी प्रश्न आणलेले नाहीत. तुमच्या तब्येतीचे प्रश्न तुम्हीच काढायचे, तुम्हीच एकमेकींना विचारायचे, उत्तरांचा अर्थही तुम्हीच लावायचा." आमच्यातली एक आहे, तिला सगळे भोंगा म्हणतात, ती ओरडली, "मग तू कशाला आलीस गं?" तेव्हापासून त्या मुलीचं नाव प्रश्नवाली पडलं. बिचारी हसली आणि म्हणाली, "दुसऱ्या एका शहरात लोकांनी असंच काम केलंय, बघा." असं म्हणून तिनं मोबाईल पुढे केला.

त्यात तू होतास.

साडी, मोठे केस, कानात काहीतरी लोंबतंय. बाकी कुणी ओळखलं नाही, ओळखणार तरी कसं? पण बोलण्याआधी खालचा ओठ दातात धरायची तुझी सवय गेलेली नाही. पिंपं चालू होती, मोबाईलचा आवाज कुठे येणार? प्रश्नवाली म्हणाली, "बाहेर जाऊन बघूया का?" आम्ही म्हटलं, "असू दे, कळतंय." आणि कळलंच मला. शब्द न शब्द कळला. तुम्हा लोकांना दवाखान्यात कुणी नीट उभं करत नाही, म्हणून तुम्ही स्वतःच स्वतःच्या आजारांचा अभ्यास केलात, ते सगळं छान. कौतुक आहे. पण मध्येच तू आपल्या घरात कशाला शिरलास?

"मी आईला सांगितलं, आई, मी मुलगा नाही, मुलगी आहे. आई भांडी घासत होती. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, ताटं घे."

खोटं आहे असं मी म्हणत नाही. मी तिथेच भिंतीला टेकून अभ्यास करत होते. मी ऐकलं. पण खरं असलं म्हणून आईला अशी चव्हाट्यावर आणायची? तू गेल्यावर आई सगळ्यांना सांगत राहिली, "पोरगा न सांगता गेला." अजून तेच सांगते. तू सांगितलेलं सरळ गिळून टाकते, पण त्यात तिची अब्रू आहे, आणि ती मी इतकी वर्षं सांभाळत आले. तू एका व्हिडिओत तिची माती केलीस.

तो व्हिडिओ काढून टाक. संस्थेचा पत्ता प्रश्नवालीकडून घेतला, तुझं-माझं नातं तिला सांगितलेलं नाही. उत्तर पत्रानंच दे. फोन मला आवडत नाही. समोरचा काय बोलतो काही कळत नाही, सगळ्यांच्याच लाईनी खराब असतात.

तुझी धाकटी


२६ फेब्रुवारी

कामाच्या माणसास,

हा मायना तुझ्या उत्तराला साजेसा आहे. "व्हिडिओ निघणार नाही, ती माझी गोष्ट आहे." संपलं! आणि खाली पानभर काय, तर अभ्यास कसा करावा, नावं गुप्त कशी ठेवावीत, घाई का करू नये. आईबद्दल एक अक्षर नाही. आठवण म्हणून खाली मान घालून लिहिलेलं एखादं वाक्य शोधलं मी, पण नाही सापडलं.

तरी तुझी पानभर अक्कल आम्ही वापरली, हे कबूल करते. भोंग्यानं मोठ्यानं वाचून दाखवली. तिला वाटलं मी एखाद्या मोठ्या बाईंना पत्र टाकलं होतं.

आम्ही काढलेला प्रश्न असा: बायकांच्या कानांचं काय? त्याचं कारण तुला माहीत नसेल. यंत्रांवर सगळे पुरुष. त्यांना कानात घालायची बोंडं मिळतात, वर्षातून एकदा कंपनीचा डॉक्टर कान तपासतो. आम्ही कागदोपत्री 'पॅकिंग'. पॅकिंगमध्ये कसला आवाज, म्हणून आम्हाला बोंडंही नाहीत आणि डॉक्टरही नाही. आता पॅकिंगची टेबलं कुठे आहेत? तर पिंपांच्या कुशीत. कापलेले खिळे गुळगुळीत व्हावेत म्हणून भुशात घालून त्या लोखंडी पिंपांत दिवसभर घोळवतात. जिथे सगळ्यात जास्त आवाज, तिथे आम्ही, आणि कागदावर आम्ही शांततेत बसलेल्या! भोंगा म्हणते, एक दिवस त्या कागदालाच कान लावून बघू.

मोठ्या यंत्राची तपासणी महाग, म्हणून साधी रीत ठरवली. जेवणाच्या खोलीत एकीनं एका टोकाला उभं राहायचं, दुसरीनं दुसऱ्या टोकाला. आम्हीच निवडलेले घरातले शब्द, कुलूप, पाणी, सुई, उशी, असे, हळू आवाजात म्हणायचे, समोरचीनं परत म्हणून दाखवायचे. बारकी म्हणून आमच्यात एक आहे, तिचा आवाज एकसारखा असतो, म्हणून शब्द म्हणायचं काम तिच्याकडे. कुणाच्या नावाची कुठे नोंद नाही. तू सांगितलंस तसं.

निकाल ऐक. सगळ्या पास! जवळजवळ कुणाचाच शब्द चुकला नाही. प्रश्नवालीचा चेहरा उतरला, आमच्या मात्र टाळ्या. खरं सांगू का, सगळ्याजणी मनातून घाबरलेल्या होत्या. ज्या बाईला ऐकू येत नाही तिला शेडमध्ये ठेवत नाहीत, यंत्र अंगावर येईल म्हणतात. त्यामुळे कान गेले तर पोटावर पाय. मीसुद्धा माझी पाळी आली तेव्हा घामेजले होते. पास झाले आणि जीव भांड्यात पडला.

तर तुमच्या अभ्यासातून एवढंच निघालं, की आमचे कान आमच्या खिळ्यांपेक्षा टणक आहेत.

आई विचारत होती, पत्र कुणाला लिहितेस. मी सांगितलं, मैत्रिणीला.

धाकटी


११ मार्च

आज मायना सुचत नाही आणि भांडायलाही सुचत नाही. अक्षर लावून घे.

प्रश्नवाली म्हणाली होती की एकदाच तपासून भागत नाही, पुन्हा करा. तुझ्याही पानात तेच होतं. म्हणून आज पुन्हा केलं. बारकीला सर्दी झालेली. शिंका चालू होत्या, म्हणून तिनं नाकातोंडाला रुमाल बांधला होता. पहिली भोंगा उभी राहिली, नेहमीसारखी कंबरेवर हात ठेवून.

बारकीनं शब्द म्हटला. भोंगा गप्प.

बारकीनं परत म्हटला. भोंगा म्हणाली, "अगं, बोल की!"

"बोलतेय ना," बारकी म्हणाली असावी. रुमाल हलला तेवढं मला दिसलं.

आम्ही हसायला लागलो. भोंगा चिडली, "नुसती उभी राहून टाईमपास करत्ये ही, सांगा हिला!" मी हसतच पुढे झाले, म्हटलं बाजूला हो, मी उभी राहते. आणि रुमालाकडे बघत राहिले. आवाज येत होता. कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसा. शब्द एकही नाही.

माझ्या मागे हसणं एकेक करून थांबलं. मग प्रश्नवाली पुढे आली, तिनं बारकीचा रुमाल सोडला आणि बारकीला म्हणाली, "आता म्हणा." बारकीनं तोच शब्द म्हटला. सुई. आम्ही सगळ्याजणी एका सुरात म्हणालो, "सुई."

तुला सांगायला हवं. आमच्या शेडमध्ये आवाजानं कुणी बोलतच नाही. पिंपांपुढे कुणाचा घसा टिकणार? आम्ही ओठांनी बोलतो. या टोकाकडून त्या टोकाला आम्ही सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत त्याची टिंगल करतो, त्याला पत्ता लागत नाही. पहिल्या महिन्यातच ते अंगवळणी पडतं, मग आपण ओठ बघतोय हे लक्षातही राहत नाही. आपल्याला वाटतं, ऐकतोय. पहिल्या तपासणीत बारकी तोंड आमच्याकडे करून, तोंड मोठं करून, शेडमध्ये बोलतो तशी बोलली. तिला दुसरं बोलणं येतच नाही. ही चूक फक्त आमच्याकडूनच होऊ शकते.

मग रुमाल बांधून सगळ्यांचं पुन्हा झालं. ज्या नव्या लागल्यात त्या सोडल्या तर सगळ्या नापास. दोघी रडायला लागल्या. भोंगा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला आम्ही इतकी वर्षं ओरडते म्हणून चिडवत आलो. तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता.

मी घरी आले आणि रेडिओचं बटण हळूहळू फिरवत बसले. किती फिरवल्यावर शब्द कळतात ते बघितलं. शेजारीण भिंत ठोकायला लागली. भिंत ठोकलेलीही मला भिंतीला हात लावल्यावर कळली.

माझे कान गेलेत. माझे! फोनच्या लाईनी खराब नव्हत्या.

धाकटी


१२ मार्च

ताई,

लिहून गेले आपोआप. आता खोडत नाही.

सकाळी आई मोरीशी बसली होती, भांडी घासत, पाठ दाराकडे. नळ चालू. मी दारात उभी होते, चहाचा कप द्यायला आलेली. आणि मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी आहे त्या जागेवरून हाक मारली, "आई."

घासत राहिली.

"आई!" मी ओरडले. शेजारणीनं खिडकीतून बघितलं. आई भांडं विसळत राहिली, मग कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले आणि पुढचं भांडं घेतलं. मी कप खाली आपटला. तो फुटला. आई वळली नाही.

ताई, मी जमिनीवर बसले. आईचं काम झालं, ती हात पुसत वळली आणि मला बघून दचकली, "अगं बाई, कधीची बसलीस? आणि हा कप कुणी फोडला?"

मी तिच्यासमोर बसून सावकाश विचारलं, "आई, तुला ऐकू कधीपासून येत नाही?"

तिनं आधी कानांवर हात ठेवले, काही झालं नाहीये मला, वय झालंय, म्हणाली. मी सगळं सांगितलं, रुमाल, भोंगा, माझे कान. माझ्या कानांचं ऐकलं तेव्हा तिचा धीर सुटला. तोंडात पदर कोंबून रडली. मग म्हणाली, "तू शाळेत जायला लागायच्या आधीपासून. थोडं थोडं जात होतं, मग गेलंच. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी काढलं असतं मला. घर कुणी चालवलं असतं? तुमचे बाबा तर अंथरुणाला. तुम्हा दोघांचे ओठ मला पाठ होते. भागत होतं माझं."

भागत होतं!

तुला आठवतं, सगळे तिला राणीसाहेब म्हणायचे? मागून हाक मारली तर ढुंकून बघत नाही, फार मानी बाई. दिवे गेले की चिडायची, अंधारात बडबडू नका म्हणायची. जेवताना आपल्याला समोर बसवायची, शेजारी कधी बसू द्यायची नाही. आपण म्हणायचो, आई पोलिसासारखी बसते.

आणि त्या संध्याकाळी ती मोरीशी होती. पाठमोरी. नळ चालू. तू दारात उभी होतीस. तू बोललीस, मी ऐकलं, माझे कान तेव्हा शाबूत होते. तू किती वेळ उभी राहिलीस. मग आईनं हात पुसले आणि न वळताच म्हणाली, ताटं घे. ती जेवायची वेळ होती, म्हणून म्हणाली. आपण मागे असू असं धरून रोजच म्हणायची.

तिनं ऐकलंच नव्हतं, ताई. "न सांगता गेला" हे ती लोकांना खोटं सांगत नव्हती. तिला तेवढंच माहीत आहे.

मला काही सुचत नाही. मी तिला सांगू का? लगेच लिही. फाटकं लिही, कसंही लिही, पण लगेच लिही.

तुझी धाकटी


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी पोळपाटाखाली लपवून ठेवलंय. किती वेळा काढून वाचलं सांगत नाही.

"सांगू नकोस. एक नकार घेऊन मी इतकी वर्षं जगले, त्याची मला सवय झाली आहे. तो नकार नव्हताच, हे मी ऑफिसात पुन्हा पुन्हा वाचलं. पण आता तिला कळलं आणि तिनं खरोखरच पाठ फिरवली तर? ते मला झेपणार नाही."

मी तुझ्यावर चिडले, मग तुझं पटलं, मग परत चिडले. तुझी गोष्ट आहे, तू सांगशील तेव्हा सांगशील. मी तोंड शिवून घेतलंय. पण आईसमोर तोंड शिवणं किती अवघड आहे तुला कल्पना नाही, तिचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडेच असतं. परवा नुसती तुझी आठवण आली म्हणून मी ओठ मिटले, तर म्हणाली, "काय गिळलंस?"

इकडेही डोक्याला ताप. आमच्या निकालाची कुणकुण सुपरवायझरला लागली. म्हणाला, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी नावं द्या, तुमच्याच सुरक्षेसाठी बाहेरचं काम बघू. बाहेरचं काम म्हणजे फाटकाबाहेरचं, हे सगळ्यांना कळलं. आम्ही म्हटलं, नावं लिहिलीच नाहीत आम्ही. ती तुझी अक्कल कामी आली. आता वीस तारखेला मोठ्या साहेबांसमोर सभा आहे. एकीनं जायचं नाही, सगळ्यांनी जायचं, असं ठरलंय. जुन्या बायकांनाही बोलावलंय.

मी म्हटलं, आई, तू नको येऊस. ती म्हणाली, "मी लपवलं म्हणून काय झालं ते बघितलं ना? तुझे गेले. मी बोलले असते तर कदाचित त्या टेबलावर तुला बसवलंच नसतं." इस्त्रीची साडी काढून ठेवलीय तिनं.

तिचं किती काय गेलंय, ते तिला अजून माहीत नाही.

तुझी धाकटी


२१ एप्रिल

ताई,

खाली बस आणि मग वाच. मी काही सांगितलेलं नाही, देवाशपथ. पण झालं.

सभा जेवणाच्या खोलीतच होती. मोठे साहेब, सुपरवायझर, आम्ही सगळ्या, पुढच्या बाकावर जुन्या बायका, त्यात आई. प्रश्नवालीनं प्रोजेक्टरसाठी भिंतीला पांढरी चादर लावली होती. आधी दुसरीकडचं काम दाखवते म्हणाली, मग तुमचे निकाल. तिला काय माहीत? मी मागून उठून पुढे येईपर्यंत चादरीवर तू उभी. भिंतभर.

स्पीकर खरखरला आणि बंद पडला. प्रश्नवाली तारा हलवायला लागली, म्हणाली, "थांबा, आवाज नाहीये, बंद करते." साऱ्याजणींनी एकदम हात हलवले, "असू दे, असू दे, कळतंय!" साहेब घड्याळ बघत होते. त्यांना काहीच कळत नव्हतं. बाकी पूर्ण खोली तुझ्या ओठांकडे बघत होती.

तू खालचा ओठ दातात धरलास. मी आईकडे बघितलं. आई पुढे झुकली.

तिनं तुला ओळखलं, ताई. साडीला नाही, केसांना नाही. ओठांना. तिचा हात हळूहळू वर आला आणि हवेतच राहिला. मला तिच्यापर्यंत पोचता आलं नाही, मध्ये बाक होते. तू भिंतीवर बोलत होतीस. आई, मी मुलगा नाही, मुलगी आहे. आई भांडी घासत होती. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, ताटं घे.

आई उभी राहिली. आणि चादरीला म्हणाली, भोंग्याला लाजवेल अशा आवाजात, "मला ऐकू नाही आलं!"

"मला ऐकू नाही आलं गं! मागून काय बोलतेस? खांद्याला धरून वळवायचं ना मला! हात धरून वळवायचं होतंस!" ती चादरीकडे गेली, तुझ्या चेहऱ्यावर हात ठेवला, तर तूच तिच्या पाठीवर दिसायला लागलीस. प्रश्नवाली तोंडावर हात ठेवून उभी. मी आईला धरलं. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "मी ताटं घे म्हणाले? तेवढंच म्हणाले मी?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार?

सुपरवायझर म्हणाला, "काय चाललंय हे?" तेव्हा भोंगा उठली. डोळे पुसून साहेबांसमोर गेली आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या हातातला कागद तोंडासमोर धरा आणि आम्हाला काहीतरी विचारा. काहीही." साहेबांनी हसण्यावारी नेलं. ती हलेना. मग त्यांनी कागद धरला. कागद थोडा हलत होता, म्हणजे ते बोलत असावेत. आम्ही बघत बसलो. नव्या पोरी आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या, बाकी खोलीभर बायकांपैकी कुणाचंच तोंड उघडलं नाही. त्यांनी कागद खाली घेतला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. नंतर प्रश्नवालीनं सांगितलं, त्यांनी विचारलं होतं, "आग लागली असं मी ओरडलो तर तुम्हाला कळेल का?"

बोंडं पॅकिंगलाही मिळणार, तपासणी सगळ्यांची होणार, पिंपांभोवती भिंत बांधणार आणि कान गेले म्हणून कुणालाही काढणार नाही, असं सगळ्यांसमोर लिहून दिलंय. भिंत खरंच बांधतात का ते बघू. माझे कान काही परत येत नाहीत. पण त्या टेबलावर उद्या जी मुलगी बसेल, तिचे राहतील.

आई घरी आल्यापासून बोललेली नाही. भिंतीकडे तोंड करून पडलीय. मला भीती वाटते, ताई. तू ज्याला घाबरत होतीस, त्याचीच.

तुझी धाकटी


२४ एप्रिल

ताई,

दोन दिवस आई तशीच पडून होती. मी समोर जाऊन बसले की डोळे मिटून घ्यायची, म्हणजे माझं ऐकायलाच नको. काल उठली. चहा घेतला. मग उलटतपासणीला सुरुवात. हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं? ती काय खाते, कुठे राहते? लोक त्रास देतात का? मध्येच रागावली, "हे असं कसं असतं, मला समजत नाही, मला समजवायला कुणी बसलं का कधी?" मध्येच रडली. मध्येच म्हणाली, "साडी कशी नेसलीय, निऱ्या सगळ्या एका बाजूला." मी हसले तर मला एक चापट मारली.

मी म्हटलं, ताईला काय लिहू? तुझं उत्तर काय?

म्हणाली, "माझं उत्तर तू नाही द्यायचं. तिनं मला तोंडानं सांगितलं होतं, मीही तोंडानंच देईन. ये म्हणावं."

मी म्हटलं, ती घाबरते. तू पाठ फिरवशील म्हणते. आई उठून बाहेर गेली.

आज कामावरून आले तर आई स्टुलावर चढलेली, तोंडात खिळे, हातात हातोडी. कपाटावरचा बाबांचा दाढीचा आरसा काढून आणलाय आणि मोरीच्या वरच्या भिंतीत ठोकतेय. मी तिचा पदर ओढून विचारलं, मोरीत आरसा कशाला? तिनं खाली उतरून भांडं हातात घेतलं, नेहमीसारखी पाठ करून बसली, आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते. पूर्ण दिसत होते.

"थोडा तिरका झालाय," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा ती उंच आहे. तिचं तोंड दिसलं पाहिजे." परत चढली, आणि मला दारात चौरंगावर उभं करून, तुझ्या उंचीएवढं, तो आरसा नीट केला.

आलीस तर दारातून हाक मारू नकोस. नुसती उभी राहा.

तुझी धाकटी